मोटारसायकलच्या ॲक्सेसरीज : निवड, उपयोग आणि नियम

नवी मोटारसायकल घरी आली, तिला हार घालून झाला, की तिच्यासाठी ॲक्सेसरीजची खरेदी सुरू होते, असे चित्र देशभर दिसते. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचा करोल बाग, बंगळूरचा जे. सी. रोड, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार ही ठिकाणे वाहनांच्या सुट्ट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. अलीकडे हाच माल घरबसल्याही मागविता येतो. लेगगार्डपासून जादा दिव्यांपर्यंत शेकडो वस्तू उपलब्ध असल्याने कोणती घ्यावी, कोणती टाळावी आणि कोणती कायद्यात बसते, हे ठरविणे सामान्य वाहनधारकाला अवघड जाते.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवर होत्या. दुचाकीवर बसविलेली प्रत्येक वस्तू तिचा तोल, ब्रेक, प्रकाश किंवा स्वाराची दृष्टी यांपैकी कशावर तरी परिणाम करते. त्यामुळे खरेदीपूर्वी थोडा विचार आवश्यक ठरतो.

गरजेनुसार निवड

निवडीची सुरुवात वाहनाच्या रोजच्या वापरापासून करावी. शहरात दररोज वीस-पंचवीस किलोमीटर प्रवास करणाऱ्या नोकरदाराच्या गरजा वेगळ्या आणि सुट्टीत लडाखला किंवा कोकणात जाणाऱ्या प्रवाशाच्या वेगळ्या असतात. शहरी स्वाराला चांगले आरसे, मोबाईल पक्का धरणारा स्टँड, पावसासाठी लांब मडफ्लॅप आणि आरामदायी सीट यांचा उपयोग अधिक होतो. लांबच्या प्रवासासाठी सामानाच्या पेट्या, वारा अडविणारी काच, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि इंजिनाखालची संरक्षक पट्टी उपयोगी पडते.

हवामानाचाही विचार व्हावा. कोकण, गोवा आणि केरळच्या किनाऱ्यावर खारी हवा व दीर्घ पावसाळा यांमुळे हलक्या प्रतीच्या लोखंडी वस्तूंना लवकर गंज चढतो. तेथे स्टेनलेस स्टील किंवा पावडर कोटिंग केलेला माल अधिक टिकतो. राजस्थान, विदर्भ किंवा मराठवाड्याच्या उन्हात काळ्या रेक्झिनच्या सीटपेक्षा हवा खेळती ठेवणारे जाळीदार आवरण सुखकर ठरते. हिमालयात सकाळच्या थंडीत हँडलवरील हातसंरक्षक उपयोगी असतात.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरविलेली वैशिष्ट्ये यांत तफावत पडेल, असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन यांच्या पीठाने हीच भूमिका स्पष्ट केली. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असल्याचे न्यायालयाने म्हटले.

याचा अर्थ कोणतीही वस्तू बसविता येत नाही, असा नव्हे. वाहनाच्या रचनेत असा बदल, की ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, अशी बदलाची व्याख्या कायद्याने केली आहे. सीटचे आवरण, टाकीवरील पॅड, मोबाईल स्टँड, सामानाची काढता येणारी पिशवी यांसारख्या वस्तूंनी मोटारसायकलचे मूळ रूप बदलत नाही. चौकट कापणे, मागचा भाग छाटणे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसविणे या गोष्टी मात्र मनाईच्या कक्षेत येतात. नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाच्या रंगाचीही नोंद असते. संपूर्ण रंग बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाशी संपर्क साधून तशी नोंद करून घेणे इष्ट ठरते.

२०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ च्या पोटकलम ४ नुसार परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंड प्रत्येक बदलासाठी स्वतंत्र आहे, हे येथे लक्षात घ्यावे. हे काम दुकानदाराने किंवा मेकॅनिकने केले, ही सबब मालकाला वाचवीत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या वाहनांचा विषय याहून निराळा आहे. मागे दोन जादा चाके बसविणे किंवा पायाचा ब्रेक हाताजवळ आणणे असे आवश्यक बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या संमतीने करण्याची तरतूद कायद्यात आहे.

सायलेन्सर

सर्वाधिक कारवाई होते ती सायलेन्सरवर. मूळ सायलेन्सर काढून मोठा आवाज करणारी नळी बसविण्याची हौस जुनी आहे. दुचाकींच्या निर्मितीच्या टप्प्यावर आवाजाची मर्यादा ठरवून देण्यात आली असून १ एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी ही मर्यादा होती. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेचे नसते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ होय. त्यामुळे ८० ऐवजी ९० हा आकडा दिसायला लहान असला, तरी रुग्णालयाजवळून किंवा रात्री वस्तीतून जाताना त्याचा उपद्रव मोठा असतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. या मानकांच्या मोटारसायकलींच्या धूरनळीत विषारी वायूंचे प्रमाण घटविणारा उत्प्रेरक परिवर्तक आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. सायलेन्सर बदलताना परिवर्तक काढला, तर प्रदूषण वाढते आणि सेन्सरकडून येणारी माहिती चुकल्याने इंधनाचे प्रमाणही बिघडू शकते. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तसेच तीन महिने परवाना अपात्रता अशी तरतूद आहे. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडून नष्ट केले आहेत. एकापाठोपाठ अनेक सूर काढणारे हॉर्नही नियमबाह्य आहेत.

मागे बसणाऱ्याची सुरक्षितता

मोटारसायकल अधिक सडपातळ दिसावी म्हणून साडीगार्ड, मागची पकड आणि मडगार्ड काढून टाकण्याची प्रथा तरुणांत आढळते. ही बाब सर्वांत धोकादायक आहे. साडीचा पदर, ओढणी किंवा धोतराचा सोगा मागच्या चाकात अडकून होणारे अपघात भारतीय रस्त्यांवर अपरिचित नाहीत. कापड चाकात गुंडाळले जाऊ लागले, की मागे बसलेली व्यक्ती क्षणात खाली खेचली जाते. गळ्याभोवती ओढणी असल्यास परिणाम जीवघेणा होऊ शकतो.

म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि चाकात कपडे अडकू नयेत यासाठी आवरण बंधनकारक करण्यात आले आहे. २०२० मध्ये सुधारित तरतुदीनुसार मागच्या चाकाच्या डाव्या बाजूचा किमान अर्धा भाग सुरक्षितपणे झाकलेला असावा लागतो. ॲक्सेसरीजची निवड चालक करतो, परंतु तिचे परिणाम मागे बसणाऱ्या आई, पत्नी किंवा मुलीला भोगावे लागू शकतात. साडीगार्डचा आकार आवडत नसल्यास तो काढण्याऐवजी त्याच मापाचा, पण वेगळ्या घडणीचा बसवावा.

सामानाच्या पेट्या व पिशव्या

सामान शक्यतो खाली आणि वाहनाच्या मध्याजवळ असावे, हा सर्वसाधारण नियम आहे. वजन जितके उंच आणि मागे, तितका पुढच्या चाकावरील भार कमी होतो व वळणावर हँडल हलके वाटू लागते. घाटात हा फरक विशेष जाणवतो. त्यामुळे जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत समान विभागून ठेवाव्यात आणि मागील उंच पेटीत रेनकोट, कपडे अशा हलक्या वस्तू ठेवाव्यात. बाजूची पिशवी सायलेन्सरला टेकत नाही, इंडिकेटर झाकत नाही आणि चाकाकडे झुकत नाही, याची खात्री करावी.

२०२० च्या नियमांनुसार मोटारसायकलवरील हलक्या पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर व उंची ५०० मिलिमीटर यांपेक्षा अधिक नसावी. पेटी मागच्या सीटच्या जागी बसविल्यास केवळ चालकालाच प्रवास करता येतो. ती सीटच्या मागे असेल, तर दुसऱ्या व्यक्तीला बसण्याची मुभा आहे. घरपोच सेवा देणाऱ्यांनी हा नियम विशेषत्वाने पाळणे आवश्यक आहे. चालक, सहप्रवासी आणि सामान यांचे एकूण वजन किती असावे, हे वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. पेटी आणि तिचा लोखंडी सांगाडा यांचे वजनही त्यातच धरावे लागते.

जादा दिवे आणि विजेचा हिशेब

मोटारसायकलची विद्युत व्यवस्था साधारणतः १२ व्होल्टची असते. इंजिन फिरताना तयार होणारी वीज इग्निशन, इंधन पंप, दिवे आणि बॅटरी यांत वाटली जाते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू असताना कायम पेटलेला राहतो. जादा उपकरणांसाठी शिल्लक राहणारी वीज त्यामुळे मर्यादितच असते.

हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले, की अँपिअर मिळतात. २० वॅटचे दोन जादा दिवे म्हणजे ४० वॅट. त्याला १२ ने भागल्यास सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह येतो. अशा जोडणीसाठी ५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज आणि रिले असावा. मूळ तारांना टोचून किंवा नुसती चिकटपट्टी गुंडाळून केलेली जोडणी पावसात दगा देते, तर फ्यूज नसल्यास तार तापून आग लागण्याचा धोका असतो. मोबाईल चार्जरला १० ते २० वॅट पुरतात, परंतु त्याची जोडणी किल्लीवर चालणारी असावी, अन्यथा उभ्या वाहनाची बॅटरी हळूहळू उतरते.

हॅलोजन दिव्याच्या मूळ परावर्तकात स्वस्त एलईडी बल्ब बसविण्याचा मोहही टाळावा. परावर्तकाचा आकार हॅलोजनच्या तंतूच्या जागेनुसार घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम बदलला, की झोत विखुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. जादा दिवे हेडलाईटच्या खाली, किंचित जमिनीकडे झुकवून बसवावेत आणि शहरात बंद ठेवावेत. वाहनाच्या पुढे लाल आणि मागे लालखेरीज अन्य रंगाचा प्रकाश दाखविण्यास नियमांची मनाई आहे. इंडिकेटर व नंबरप्लेटचा दिवा यांसारखे मोजके अपवाद सोडता हा नियम सर्वांना लागू आहे.

टायर

रुंद टायरमुळे मोटारसायकल भारदस्त दिसते, म्हणून अनेक जण मोठ्या मापाचे टायर बसवितात. टायरच्या बाजूवर १००/९०-१७ असे माप लिहिलेले असते. यातील १०० म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, ९० म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि १७ म्हणजे रिमचा इंचातील व्यास. या मापाच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर होतो. त्याऐवजी १२०/८०-१७ बसविल्यास व्यास सुमारे ६२४ मिलिमीटर, म्हणजे २ टक्के अधिक होतो. वेगाचे मोजमाप त्याच चाकावरून होत असेल, तर काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढविल्यास त्याची गोलाई बदलते आणि वळताना रस्त्यावरील पकड असमान होते. चेन किंवा मडगार्डला तो घासण्याचीही शक्यता असते.

मापापुढे ५७ पी अशी खूण आढळते. ५७ हा आकडा २३० किलो भार पेलण्याची क्षमता आणि ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा दर्शविते. मूळ टायरपेक्षा कमी क्षमतेचा टायर कधीही घेऊ नये. चार अंकी खुणेतील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. दुकानात फार काळ पडून राहिलेला टायर घेणे त्यामुळे टाळता येते. दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास तो वापरणे नियमबाह्य आहे.

हँडल, आरसे, गार्ड आणि नंबरप्लेट

हँडल उंच किंवा रुंद केल्यास क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबल आणि ब्रेकची नळी पुरेशी लांब आहे का, हे आधी तपासावे. हँडल पूर्ण वळविल्यावर केबल ताणली जात असेल, तर इंजिनाचा वेग आपोआप वाढू शकतो. लहान, शोभेच्या आरशांत मागचा रस्ता दिसण्याऐवजी स्वतःचा खांदाच दिसतो. आरसा घेताना वाहनावर बसूनच पाहणे योग्य.

लेगगार्ड चौकटीला मूळ बोल्टच्या जागी घट्ट बसणारा असावा. चौकटीवर वेल्डिंग करून बसविलेला गार्ड पडताना धक्का थेट चौकटीकडे पोचवितो आणि तिला बाक येऊ शकतो. फार रुंद गार्ड वळणावर जमिनीला टेकतो.

नंबरप्लेटबाबत हौसेला वाव नाही. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती बसविण्याचे आदेश देण्यात आले. ‘दादा’, ‘बॉस’ असे शब्द आकड्यांच्या वळणातून साकारणाऱ्या पाट्या दंडास पात्र ठरतात.

स्वाराची साधने

खर्चाची मर्यादा असल्यास पहिला पैसा हेल्मेटवर खर्च करावा. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांनी अपघातांत प्राण गमावले. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी केवळ भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेली हेल्मेटच तयार करता व विकता येतात. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसावे, पट्टा लावल्यावर ते पुढे ओढले तरी निघू नये. एकदा जोरदार आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो, ते बदलावे. काळी काच रात्री वापरू नये. लांबच्या प्रवासासाठी कोपर, खांदे आणि गुडघ्यांवर संरक्षक कवच असलेले जाकीट व पँट, बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट उपयुक्त ठरतात.

विमा आणि वॉरंटी

विम्याची रक्कम वाहनाच्या मूळ किमतीवर आधारित असते. त्या किमतीत नसलेल्या विद्युत वा इतर ॲक्सेसरीजची नोंद विमापत्रात स्वतंत्रपणे करून जादा हप्ता भरावा लागतो. अन्यथा चोरी किंवा अपघातात त्यांची भरपाई मिळत नाही. कंपनीला न कळविलेला मोठा बदल आढळल्यास वाहनाच्या नुकसानीचा दावाही अडचणीत येऊ शकतो. मूळ वायरिंग कापल्यास त्या भागाची वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते. म्हणून मूळ जोडाला थेट बसणारे कनेक्टर असलेली उपकरणे निवडावीत. प्रत्येक वस्तूचे बिल जपून ठेवावे आणि काढलेले मूळ भागही टाकून देऊ नयेत. वाहन विकताना किंवा तपासणीच्या वेळी त्यांची गरज भासते.

खरेदी आणि जोडणी

उत्पादकाच्या अधिकृत ॲक्सेसरीज महाग असल्या, तरी त्या विशिष्ट मॉडेलसाठी घडविलेल्या असतात. बाजारातील अन्य माल घेताना तो आपल्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा आहे ना, हे पाहावे, कारण एकाच नावाच्या मोटारसायकलीत वर्षागणिक बोल्टच्या जागा बदलतात. सर्व वस्तू एकाच दिवशी बसविण्याऐवजी एकेक बसवून काही दिवस वाहन चालवून पाहावे. बिघाड उद्भवल्यास त्याचे कारण त्यामुळे लगेच सापडते.

जोडणीनंतर पाच गोष्टी तपासाव्यात : हँडल दोन्ही बाजूंना मोकळे वळते का, ब्रेक व क्लच पूर्ण दाबले जातात का, सर्व दिवे आणि इंडिकेटर दिसतात का, चाक फिरताना काही घासते का आणि मागे बसणाऱ्याला पकड व पायरी मिळते का. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण इंजिनाच्या कंपनांमुळे नवी जोडणी सैल होते. त्यानंतर दर सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिककडून या जोडण्यांची पाहणी करून घेतल्यास ॲक्सेसरीजचा उपयोग दीर्घकाळ होतो आणि प्रवासही निर्धोक राहतो.